कणकुंबी-चिगुळेच्या कड्यांवर जाताय? या चुका टाळा

येळ्ळूरचा राजहंसगड आणि देवरवाडीचा वैजनाथ डोंगर करून झाला की बेळगावकरांचे पाय खानापूरच्या जंगलाकडे वळतात. जांबोटी ओलांडली, कणकुंबी आली, की चोर्ल्यापर्यंत दरीकाठची एकाहून एक ठिकाणं आहेत. दिवसभरात जाऊन येता येतं, अंतर फार नाही, म्हणून लोक निवांत निघतात. पण गड चढायची सवय इथे उपयोगी पडत नाही. गडावर आपण खालून वर जातो, दम लागतो, सावध होतो. इथे गाडीच आपल्याला घाटमाथ्यावर आणून सोडते. पुढची वाट बरीचशी सपाट, आणि मग एकदम जमीन संपते. खाली गोव्याची दरी. या भागातल्या बहुतेक चुका या उलट्या मांडणीमुळे होतात.

कड्याच्या टोकावर विश्वास ठेवणे

सड्यावरचा, म्हणजे घाटमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावरचा, जांभा दगड वरून कठीण दिसतो. काळपट, भोकाभोकांचा, बूट घट्ट धरणारा. पण हे कठीण कवच वरच्या थरापुरतं. त्याखाली मऊ, मातकट थर असतो. पावसाचं पाणी भोकांतून आणि भेगांतून झिरपतं, खालची माती झिजते आणि वरचा दगड छज्ज्यासारखा पुढे लोंबत राहतो. आपण उभे असतो त्या जागेखाली काहीच नाही, हे वरून दिसत नाही. त्यात सप्टेंबरात कंबरभर गवत टोकाबाहेर झुकलेलं असतं, त्यामुळे दगड नेमका कुठे संपला तेही कळत नाही.

म्हणून टोकापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवा. टोकाला समांतर गेलेली भेग दिसली तर तिच्या आतल्या बाजूलाच थांबा. दरी पाहायचीच असेल तर उघड्या, कोरड्या, सलग कातळावर पोटावर झोपून पाहा. फोटो काढणाऱ्याने मागे सरकू नये आणि ज्याचा फोटो काढायचा त्यानेही. मुलं सोबत असतील तर टोकाजवळ मोठ्या माणसाच्या हातात त्यांचा हात हवाच, यात कुणाची भीड धरू नका.

पावसाळ्यात याच कातळावर शेवाळ चढतं. ते नेहमी हिरवं नसतं, काळं शेवाळ ओल्या दगडात मिसळून जातं आणि पाय तिथेच सटकतो. गुळगुळीत झालेल्या तळव्याचे बूट किंवा साध्या चपला घालून येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, गावच्या देवळापर्यंत चला, पुढे नको.

धुक्यात चालत राहणे

दरीतून ढग वर येतो तेव्हा पाच मिनिटांत दहा पावलांपलीकडचं दिसेनासं होतं. सड्यावर पायवाट उमटत नाही, त्यामुळे आलो कुठून हे शोधायला खूणच नसते. अशा वेळी घाबरून भराभर चालणं ही सगळ्यात धोक्याची चूक. जिथे असाल तिथे खाली बसा, सगळ्यांना हाका मारून एकत्र करा, ढग सरकायची वाट बघा. बहुतेकदा तो सरकतो.

अगदीच हलावं लागलं तर वाऱ्याचा आधार घ्या. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, म्हणजे दरीकडून वर येतो. तो पाठीवर घेतलात तर साधारणपणे तुम्ही टोकापासून लांब जाता. मात्र घळी आत शिरलेल्या असतात, तेव्हा काठीने पुढचं चाचपत एकेक पाऊल टाका. जातानाच दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची सवय लावा. परतीची वाट पुढून वेगळीच दिसते. नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, कारण जांबोटीच्या पुढे रेंजचा भरवसा धरू नये.

चढ शेवटी आहे हे विसरणे

धबधब्याच्या तळाशी किंवा कड्याच्या खालच्या टप्प्यावर उतरायचं असेल तर इथे आधी उतार आणि मग चढ. ताज्या पायांनी तासात उतरलेलं अंतर दुपारच्या उन्हात चढायला दीड-दोन तास घेतं. जेवण झालेलं असतं, पाणी संपत आलेलं असतं. सोपा हिशेब ठेवा: निघताना परत फिरायची वेळ ठरवा, आणि ती झाली की ठिकाण समोर दिसत असलं तरी वळा. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. अंधारात गवा किंवा अस्वल वाटेत आलं तर दोघांनाही पळायला जागा नसते. बॅटरी (टॉर्च) प्रत्येकाकडे वेगळी हवी, मोबाइलची नव्हे.

पाणी माणशी तीन लिटर. पायात गोळे आले, डोकं दुखायला लागलं तर नुसतं पाणी ढोसू नका. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर ट्रेक तिथेच संपला. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ११२ किंवा १०८ ला फोन लावायला रेंज असलेल्या जागी माणूस पाठवा.

आग्या मोहोळाखाली गोंगाट

कड्याच्या कपारींना काळी, लोंबती पोळी दिसतात. तिथे गाणी, फटाके, धूर, ड्रोन, तीव्र अत्तर, काहीच नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोळे कापडाने झाका आणि दरीच्या विरुद्ध दिशेला, दाट झुडपांतून पळा. थांबून काटे काढत बसू नका, आधी लांब जा.

वळवाच्या दुपारी सड्यावर थांबणे

एप्रिल-मे महिन्यांत सकाळ निरभ्र असते आणि तीनच्या सुमारास वळीव कोसळतो. उघड्या सड्यावर सर्वांत उंच तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आकडा आला तर लगेच सडा सोडा. एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नका.

परवानगी नंतर बघू म्हणणे

खानापूरच्या जंगलातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीही येते. निघण्याआधी चौकशी करा. गावांत मराठी चालते, चौकीवर कन्नड बोलणारा सोबती असला तर बोलणं सोपं जातं. वाटाड्या गावातलाच घ्या, त्याचे पैसे ठरवून द्या, त्यात घासाघीस नको.

दंश आणि चाव्यांकडे दुर्लक्ष

जांभ्याच्या भेगांत फुरसं असतं, तेव्हा न बघता हात घालू नका. साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं सगळं टाळा. अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून न्या आणि थेट प्रतिविष असलेल्या इस्पितळात.

गोचिडांकडे लोक बघतही नाहीत. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडताप आढळला आहे, तो गोचिडांमार्फतच पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य हंगाम. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, आणि पालापाचोळ्यात बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. घरी आल्यावर अंग तपासा, कपडे गरम पाण्यात टाका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठल्या जंगलात आणि कधी गेला होतात ते आपणहून सांगा, कारण शहरातल्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही.