पीपीओ आलाय, घ्यायचा की नाही?

इंटर्नशिप संपता संपता पीपीओ, म्हणजे त्याच कंपनीची पक्क्या नोकरीची ऑफर, आला की घरी पेढे वाटून होतात आणि मग पोरं विचारायला येतात, घेऊ का? "टीम भारी आहे ना, घे डोळे झाकून" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

आधी ऑफर लेटर मेलवर मागवा. प्लेसमेंट सेलचा नियम बघा, बऱ्याच कॉलेजांत पीपीओ घेतला की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही.

आता सीटीसी, म्हणजे कंपनी सांगते ते वर्षाचं एकूण पॅकेज, फोडा. मलाही हे जमायला वेळ लागला, कारण कुणी नीट सांगतच नाही. समजा पॅकेज ८ लाख, तर भागिले १२ करून ६६ हजार धरू नका!! त्यातले ५० हजार जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणार आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुतेक ठिकाणी परत मागतात. ८० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारे, मिळाले तर मिळाले. बेसिक ३ लाख २० हजार असेल तर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ ३८,४०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण १५ हजार, हेही पॅकेजमध्येच मोजलेले, आणि ग्रॅच्युइटी पर्मनंट माणसाला साधारणपणे पाच वर्षांनी मिळते. उरलेल्यातून तुमचा पीएफ परत ३८,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २,५००. नव्या रेजीममध्ये एवढ्यावर इन्कम टॅक्स लागत नाही, तरी हातात येतात महिना ४८ हजारांच्या आसपास. हिंजवडीचं भाडं, मेस, पेट्रोल सगळं ह्या आकड्यातून वजा करायचं.

दुसरं म्हणजे बॉन्ड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरायचे असा करार. "कोर्टात टिकत नाही रे" असं कट्ट्यावर सगळेच छातीठोक सांगतात. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, २ लाखांचा बॉन्ड वैध ठरवलाय. प्रत्येक बॉन्ड टिकेलच असं नाही, पण सही करताना ती रक्कम आपल्याला भरावी लागेल असंच धरून चला. ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेणारी कंपनी असेल तर मी सरळ नाही म्हणायला सांगतो, पॅकेज काहीही असो. नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर पुढची नोकरी शोधताना जड जातं, हेही लक्षात ठेवा.

टीम आणि लोकेशन मेलवर विचारून घ्या, पुण्यात इंटर्नशिप आणि जॉइनिंग चेन्नईला असं होतं.

उत्तराला मुदत कमी वाटली तर आठवडाभर वाढवून मागा, त्यात कुणी ऑफर काढून घेत असेल तर ती गेलेलीच बरी.