वेफरवरचे चकचकीत डाग कसे गेले

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मोनो सिलिकॉनचे, म्हणजे एकाच स्फटिकातून कापलेले वेफर (पातळ चकत्या) टेक्श्चर करत होतो, म्हणजे प्रकाश कमी परतावा म्हणून त्यांचा पृष्ठभाग रसायनाने खडबडीत करत होतो. २ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड (ही अल्कली सिलिकॉन झिजवते), थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, ८० अंश, अर्धा तास. वेफर मखमलीसारखा काळपट यायला हवा. माझा मात्र कोड आल्यासारखा, मध्येमध्ये आरशासारखे ठिपके. पहिला वेफर बरा, तिसऱ्यापासून गोंधळ.

आधी वेफरलाच दोष दिला. दोन दिवस फुकट गेले.

खरं कारण नाकासमोरच होतं, अक्षरशः: खोलीभर आयपीएचा वास. ते ८२ अंशांना उकळतं आणि मी बीकर उघडा ठेवला होता! आयपीए कमी झालं की द्रावणाचा पृष्ठताण वाढतो, सिलिकॉन झिजताना निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे वेफरला चिकटून बसतात आणि बुडबुड्याखाली अल्कली पोहोचतच नाही. म्हणून ते ठिपके.

मग बीकरवर वॉचग्लास (काचेची उथळ बशी) झाकण म्हणून ठेवली, दर १० मिनिटांनी थोडं आयपीए घातलं, वेफर आडवा न ठेवता टेफ्लॉनच्या स्टँडमध्ये उभा केला आणि चुंबकी ढवळणी मंद चालू ठेवली. (वाफा ओढून घेणारं कपाट म्हणजे फ्यूम हूड आणि गॉगल हवेतच, गरम अल्कली डोळ्याला माफ करत नाही. आयपीए पेटतं, म्हणून जवळ ज्योत नको.)

सूक्ष्मदर्शकाखाली पिरॅमिडच पिरॅमिड, कडेपर्यंत. स्फटिकातली (१११) नावाची तिरकी प्रतलं अल्कलीत फार हळू झिजतात, म्हणून (१००) वेफरवर, म्हणजे (१०० ) प्रतलाला समांतर कापलेल्या चकतीवर, ५४.७ अंशांच्या उतारांचे हे डोंगर आपोआप उभे राहतात. एका उतारावरून उसळलेला प्रकाश शेजारच्या उतारावर आपटतो, त्याला आत शिरायची दुसरी संधी मिळते. गुळगुळीत सिलिकॉन ३० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतं. माझ्या वेफरचं मोजमाप १२ टक्क्यांवर आलं.