पहिला आठवडा: टाइप १ मधुमेह झालेल्या मुलांच्या घरच्यांसोबत काम करताना

मुंबईतील एका रुग्णालयाच्या बालरोग विभागात मी डायबिटीस एज्युकेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे आहारशास्त्राची पदवी होती, स्वादुपिंडाचा रंगीत तक्ता होता आणि आपण कोणत्याही कुटुंबाला सगळे नीट समजावून सांगू शकू अशी खात्री होती. पहिल्याच आठवड्यात डोंबिवलीहून आलेल्या एका आईला मी सलग पाऊण तास माहिती दिली. तिचा आठ वर्षांचा मुलगा अतिदक्षता विभागातून नुकताच वॉर्डात आला होता. उलट्या आणि पोटदुखी पाहून घराजवळच्या दवाखान्यात त्याला आधी पोटाच्या संसर्गाचे औषध दिले गेले होते आणि श्वास जोरजोरात चालू लागल्यावर साखर तपासली, तेव्हा कुठे कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याची जीवघेणी अवस्था, झाल्याचे कळले होते. माझे बोलून झाल्यावर मी काही शंका आहे का असे विचारले, तर ती म्हणाली, “ताई, मी त्याला खूप चॉकलेटं दिली, म्हणून झालं का हो हे?” पाऊण तास ती एवढा एकच प्रश्न मनात धरून बसली होती.

तेव्हापासून मी तक्ता उघडण्याआधी हा विषय काढते आणि या कामात नव्याने येणाऱ्यांनाही तेच सांगते. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने किंवा आईच्या हातून काही राहून गेल्याने तो होत नाही. हे वाक्य आजी आणि वडील समोर बसलेले असताना बोलावे, कारण आईवरचा ठपका बहुधा घरातूनच आलेला असतो. दुसरा प्रश्न हमखास येतो तो असा, की आजोबांना गोळ्या चालतात, मग एवढ्याशा पोराला सुई का? आजोबांच्या शरीरात इन्सुलिन तयार होते, मात्र ते पुरेसे काम करत नाही. या मुलाच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही, हा फरक शांतपणे सांगावा. इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय अशी धास्ती घेतलेल्या पालकांना मी टोरांटोमधील १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनविषयी सांगते. जानेवारी १९२२ मध्ये त्याला इन्सुलिन मिळाले, त्याआधी या आजाराच्या मुलांना वाचवणारे औषधच नव्हते. हे ऐकल्यावर सुईकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत तीनच गोष्टी शिकवाव्यात: इन्सुलिन टोचणे, ग्लुकोमीटरवर साखर पाहणे आणि शुगर लो झाल्याचे ओळखणे. साखर ७० च्या खाली गेली, किंवा मूल घामाघूम झाले, थरथरू लागले, विनाकारण चिडचिड करू लागले, तर सपाट तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे साखर वर यायला वेळ लागतो, म्हणून दप्तरात ग्लुकोजचीच पुडी हवी. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, हे मात्र त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यावे. आहारातील कर्बोदकांचा हिशेब, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि पुढची गुंतागुंत यांसाठी नंतरच्या भेटी आहेत.

शिकवणे म्हणजे सांगणे नव्हे, हे मला माझ्याच चुकीने कळले. विक्रोळीच्या एका आईला मी सुई कशी भरायची ते करून दाखवले, तिने मान डोलावली आणि मुलीला घेऊन ती घरी गेली. चार दिवस मुलीची साखर ४०० च्या खाली येईना आणि रोज फोनवर ती सांगत होती की सकाळी बरोबर १० युनिट दिले. पाचव्या दिवशी मी तिला बोलावून माझ्यासमोर सुई भरायला सांगितली. तिने पिशवीतून सिरिंज काढली, तर तिचे टोपण नारिंगी होते. बाटली ४० युनिटची, म्हणजे दर मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असलेली होती आणि त्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज हवी होती. औषधाच्या दुकानातून १०० युनिटची सिरिंज हातात आली होती आणि त्यावरच्या १० च्या खुणेपर्यंत भरल्यावर मुलीला प्रत्यक्षात ४ च युनिट मिळत होते. याच्या उलट गोष्ट, म्हणजे १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरणे, अधिक घातक, कारण त्यात अडीचपट डोस जातो. त्या आईचे काहीच चुकले नव्हते. टोपणाचा रंग मी तिला सांगितलाच नव्हता आणि तिच्या हातून एकदाही सुई भरून घेतली नव्हती. आता घरी सोडण्यापूर्वी मी दोन माणसांकडून, स्वतःच्या बाटलीतून आणि स्वतःच्या सिरिंजने, माझ्यासमोर किमान तीन वेळा डोस भरून घेते.

दोन माणसे हवीत, कारण मुंबईत आईवडील सकाळच्या लोकलने निघून जातात आणि दुपारची सुई आजीच्या किंवा शेजारच्या काकूंच्या हाती येते. आजीला बारीक आकडे दिसतात का, हे तिला बारीक आकडे वाचायला देऊनच पाहावे. घरात फ्रिज आहे का, हेही संकोच न करता विचारावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे, फ्रीजरला लागून कधीच नाही. फ्रिज नसेल तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत घालून ते ठेवता येते.

काही आठवड्यांनी पुष्कळ मुलांची इन्सुलिनची गरज एकदम कमी होते. उरलेल्या बीटा पेशी थोडा काळ सावरतात, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण नेमक्या याच सुमारास घरात कारल्याचा रस किंवा कोणाचा तरी काढा सुरू झालेला असतो आणि श्रेय त्याला जाते. इन्सुलिन बंद केल्याने मूल पुन्हा अतिदक्षता विभागात आलेले मी पाहिले आहे, म्हणून या काळाची कल्पना पहिल्या आठवड्यातच द्यावी. तापात मूल जेवत नसले तरी इन्सुलिन पूर्ण थांबवायचे नाही, डॉक्टरांना विचारून डोस बदलायचा, हेही त्याच वेळी सांगावे.

शाळेला कळवायचे की नाही यावर घरात वाद होतात, विशेषतः मुलगी असेल तर. पुढे लग्नाचे काय, ही चिंता नऊ वर्षांच्या मुलीसमोरच बोलली जाते. अशा वेळी मी मुलीला वजनकाट्याकडे पाठवते आणि मगच बोलते. वर्गशिक्षिकेला कळलेच पाहिजे, कारण वर्गात शुगर लो झाली तर तिथे तीच असते. सीबीएसईने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत खाण्याचे पदार्थ जवळ ठेवू दिले आहेत, हे दाखवले की काही पालकांचा संकोच कमी होतो.

घरी गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी पहिला फोन मी स्वतः करते. कसे चालले आहे असे विचारले की सगळे ठीक आहे असेच उत्तर येते, म्हणून मी विचारते, “आज सकाळची सुई कोणी दिली?” उत्तर ओळीने तीनदा ‘मीच’ असे आले आणि ते आईचे असले, तर पुढच्या भेटीला वडिलांनी अर्धा दिवस सुट्टी काढून यायचे, हे मी त्याच फोनवर ठरवून घेते.