इंदूरच्या वस्तीवर माहितीपट करताय? या चुका टाळा

दहा बाय दहाची खोली पडद्यावर दिवाणखान्यासारखी दिसली, तर माहितीपट तिथेच फसला. दोष बहुतेक वेळा लेन्सचा. आत मागे सरकायला जागा नसते, म्हणून १६ एमएमची वाइड लेन्स किंवा मोबाईलचं ०.५ लावलं जातं. मग भिंती लांब पळतात आणि सहा माणसं निजतात ती जागा ऐसपैस भासते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ एमएम लावा, कॅमेरा दाराबाहेर ओट्यावर न्या, चौकट फ्रेममध्ये येऊ द्या. मोजपट्टीचाही एक शॉट घ्या. १०० चौरस फूट म्हणजे जेमतेम ९.३ चौरस मीटर. २०१५च्या पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) दुर्बल घटकांच्या घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलं होतं. दोन्ही आकडे पडद्यावर आले की निवेदनातली चार वाक्यं कापता येतात.

बाहेर ऊन, आत अंधार. ऑटो एक्स्पोजर असेल, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते कॅमेराच ठरवत असेल, तर कुणी दारातून गेलं की चित्र उजळतं-काळवंडतं. चेहऱ्यावर एक्स्पोजर लॉक करा. दाराबाहेरचं पांढरंफटक झालं तर होऊ द्या. बल्ब लुकलुकत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.

संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचा मोह नको, त्यात पत्र्याचं घरही गोंडस दिसतं. मे महिन्यात दुपारी दोनला जा. मुलाखतीपुरता पंखा बंद करावा लागतो, म्हणून पाच-पाच मिनिटांचेच तुकडे घ्या. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर.

सबटायटल्समध्ये तर हमखास गफलत होते. वस्तीतली बाई हिंदीत ‘चद्दर टपकती है’ म्हणते आणि मराठीत अंथरुणातली चादर येते. हवा असतो पत्रा. ‘पट्टा मिला’ हे पुण्याच्या प्रेक्षकाला कमरेचा पट्टा वाटेल. तिथे ‘राहत्या जागेचा भाडेपट्टा’ लिहा. १९८४च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने भूमिहीनांना असे पट्टे देता येतात, तेव्हा सरसकट ‘बेकायदा वस्ती’ लिहिण्याआधी कागद बघा.

वस्त्यांमधली गटारं, पाणी, रस्ते शहराच्या जाळ्याला जोडणाऱ्या इंदूरच्या स्लम नेटवर्किंग प्रकल्पाला १९९८मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तो सांगून पुढे जाऊ नका. अशा वस्तीच्या गल्लीतल्या गटाराच्या चेंबरचं झाकण आज उघडायला लावा आणि आत कॅमेरा धरा.

कागदाचा क्लोजअप घेतलात तर आधार क्रमांक आणि घराचा पत्ता एडिटमध्ये झाका, शॉट हलता असेल तर प्रत्येक फ्रेम तपासून.