घरच्या घरी पीसीबी: इस्त्री, टोनर आणि फेरिक क्लोराईड

एखादंच छोटं सर्किट करायचं असेल तर एचिंगच्या, म्हणजे नको असलेलं तांबं रसायनाने विरघळवून सर्किट बोर्ड (पीसीबी) घडवण्याच्या, भानगडीत पडू नका. त्यासाठी झिरो पीसीबी, म्हणजे भोकं आणि तांब्याचे पॅड आधीच असलेला तयार बोर्ड, पुरतो. दर २.५४ मिमीवर भोक असतं, त्यामुळे आयसीचे पाय बरोबर बसतात आणि पार्टचे कापलेले पायच जोडण्यांना वापरता येतात. फक्त एकाच पॅडला पुन्हा पुन्हा सोल्डरचा डाग दिला की तांबं सुटून हातात येतं. आणि २३० व्होल्ट त्यावर आणू नका, कारण शेजारच्या दोन पॅडमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा असते. याउलट दोन्ही बाजूंना ट्रॅक (तांब्याच्या रेषा) हवे असतील, भोकांशिवाय वरच बसणारे बारीक पायांचे एसएमडी आयसी असतील किंवा दहा नग हवे असतील, तर गर्बर फाइल्स (बोर्डाच्या आराखड्याच्या फाइल्स) कारखान्याला पाठवाव्यात हेच शहाणपणाचं. एका बाजूचा, पायवाल्या पार्टचा आणि आजच हवा असलेला बोर्ड या दोघांच्या मधे पडतो. तो टोनर ट्रान्सफरने करावा: लेसर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा, मग टोनरखालचं तांबं वाचतं आणि उघडं तांबं फेरिक क्लोराईड खाऊन टाकतं. या पद्धतीत बोर्ड बिघडतो तो बहुतेक वेळा इस्त्री हातात घेण्याआधीच, म्हणजे ड्रॉइंगमध्ये किंवा तांबं साफ करताना.

किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक ०.८ ते १ मिमी ठेवा, दोन ट्रॅकमधलं अंतर किमान ०.५ मिमी. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यावर १ मिमीचा ट्रॅक सुमारे २ अँपिअर सहज पेलतो, त्यामुळे रिले आणि मोटर सोडल्या तर रुंदीची काळजी करंटसाठी नसून इस्त्रीसाठी आहे. पॅड किमान २ मिमीचे घ्या, आयसीचे मात्र लंबगोल ठेवा, म्हणजे दोन पायांमध्ये जागा राहते. रिकामी जागा ग्राउंडच्या तांब्याने भरून टाका. जेवढं तांबं विरघळवायचं कमी, तेवढं द्रावण कमी खर्ची पडतं.

मिररचा घोळ इथेच मिटवा. खालच्या बाजूचे ट्रॅक सॉफ्टवेअर वरून, बोर्डातून आरपार पाहिल्यासारखे दाखवतं. ते मिरर न करता तसेच छापा, कारण कागद तांब्यावर पालथा पडला की उलटापालट आपोआप होते. खात्रीसाठी तांब्याच्या थरात दोन अक्षरं लिहून ठेवा: कागदावर ती उलटी दिसली पाहिजेत. ड्रिल मार्क ‘स्मॉल’ निवडा. पॅडच्या मध्यावर बारीक ठिपका रिकामा राहतो आणि पुढे ड्रिलचं टोक त्यात आपोआप बसतं.

प्रिंट लेसरचाच हवा, शाईचा इथे उपयोग नाही. टोनर सेव्ह बंद, छपाई गडद आणि आकार १०० टक्के. ‘पानात बसवा’ हा पर्याय चुकून चालू राहिला तर सगळं दोन-चार टक्क्यांनी आक्रसतं आणि ४० पायांचा आयसी शेवटच्या पायांशी अडतो. म्हणून कागद बाहेर आला की आयसी त्यावर ठेवून पाहा. कागद गुळगुळीत, पातळ, मासिकाच्या पानासारखा असावा. इंकजेटचा प्लॅस्टिक थर असलेला फोटो पेपर लेसर प्रिंटरमध्ये घालू नका, आत वितळून रोलरला चिकटतो. छापलेल्या भागाला बोट लावू नका.

बोर्ड १.६ मिमी जाडीचा कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा पातळ थर चिकटवलेला. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो फिनॉलिक (कागद आणि राळेचा) आणि ग्लास इपॉक्सी (काचेच्या तंतूंचा) अशा दोन प्रकारांत मिळतो. हाताच्या ड्रिलने काम करणाऱ्याला फिनॉलिक सोपा. ग्लास इपॉक्सी मजबूत खरा, पण साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटची धार लवकर घालवतो आणि कापताना उडणारी काचेची धूळ नाकात जाते, तेव्हा मास्क लावून पाणी शिंपडत कापा. कापल्यावर कडा कानशीने साफ करा. कडेला उभा राहिलेला तांब्याचा काठ इस्त्रीला उचलून धरतो आणि त्याच्या लगतचा टोनर कागदालाच राहतो.

आता तांबं. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली गोल-गोल घासा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. नळाखाली धरल्यावर पाण्याचा अखंड पातळ पडदा पसरला तर बोर्ड तयार. थेंब-थेंब जमले तर तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि यापुढे फक्त कडेला धरा.

इस्त्री कॉटनवर, वाफ बंद. छापलेली बाजू तांब्यावर ठेवून पहिली ३० सेकंद नुसती दाबून धरा, सरकवू नका. कागद चिकटला की टोकाने कडा आणि कोपरे एकेक करून दाबत ३ ते ४ मिनिटं. गार झाल्यावर साबणाच्या पाण्यात २० मिनिटं भिजवा. कागद ओढून काढायचा नाही, अंगठ्याने चोळून लगदा करत सोडवायचा. पॅडच्या ठिपक्यांतले आणि ट्रॅकमधले तंतू जुन्या टूथब्रशने काढा. ट्रॅक पसरट होऊन एकमेकांना भिडले तर उष्णता किंवा दाब जास्त झाला. टोनर सुटून आला तर तांबं तेलकट होतं किंवा बोर्ड पुरता तापला नव्हता. एक-दोन तुटके ट्रॅक परमनंट मार्करने जोडता येतात. त्याहून जास्त असतील तर ॲसिटोनने पुसून पहिल्यापासून करणं लवकर होतं.

फेरिक क्लोराईडचे १०० ग्रॅम खडे २०० ते २५० मिली पाण्यात, थोडे थोडे करून विरघळवा. खडे पाण्यात टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही, कारण द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा हवेत, खिडकी उघडी हवी. भांडं प्लॅस्टिकचं, पुन्हा स्वयंपाकघरात न जाणारं. कपड्यावरचा पिवळा डाग निघत नाही. द्रावण गॅसवर ठेवू नका. ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवला की ४० अंशांच्या आसपास राहतं.

बोर्ड सोडल्यावर मिनिटभराने उचलून पाहा. उघडं तांबं चमक जाऊन सगळीकडे सारखं फिकट गुलाबी झालेलं असावं. जिथे अजून चकाकतंय तिथे कागदाचा किंवा चिकटपणाचा थर उरलाय. आत्ताच धुऊन टूथब्रश मारला तर बोर्ड वाचतो, शेवटी लक्षात आलं तर तोवर बाकीचे ट्रॅक कडेने कुरतडले जातात. ट्रे सतत हलवत राहा. ताज्या द्रावणात १० ते २० मिनिटं लागतात. द्रावण हिरवट-काळं होऊन तासभर खाऊ लागलं की ते थकलं. शेवटचा ठिपका गेला की लगेच बाहेर काढा आणि भरपूर धुवा. पहिलं धुवण वापरलेल्या द्रावणातच जमा करा.

टोनर अंगावर असतानाच भोकं पाडा, तांब्यावर ओरखडे येत नाहीत. रेझिस्टर आणि आयसीला ०.८ मिमी, १एन४००७ डायोड आणि पिन हेडरला १ मिमी, स्क्रू टर्मिनलला १.३ मिमी. कार्बाइडचे बिट फक्त स्टँडवर लावा, हातात जरा तिरके झाले की कटकन मोडतात. मग ॲसिटोनने टोनर काढा, मल्टिमीटरच्या बझरवर सगळे ट्रॅक आणि शेजारच्या पॅडमधले शॉर्ट तपासा, आणि पार्ट बसवण्याआधी ट्रॅकवर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ हात फिरवा, नाहीतर तांबं काही आठवड्यांत काळवंडतं.

थकलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. त्यातलं विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक आहे आणि लोखंडी पाइप तर ते खातंच. ते मोठ्या बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने टाका, फेस जोरात येतो. फेस थांबला की गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी उडू द्या, उरलेल्या चिखलात सिमेंट कालवून घट्ट गोळा करा आणि घातक कचऱ्यात वेगळा द्या.