मोठ्या नोंदींचा डेटाबेस परत भरताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादर कारखान्यात जॅकार्ड नक्षींचे स्कॅन थेट मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत साठवलेले होते. बॅकअप बिनतक्रार निघाला, पण तो नव्या संगणकावर भरताना ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ (सर्व्हरशी जोडणी तुटली) असा संदेश येऊन काम थांबले.

अशा वेळी प्रथम लेंग्थ आणि मॅक्स ही फंक्शन्स वापरून त्या रकान्यातील सर्वांत मोठी नोंद किती बाइटची आहे ते पाहावे. बॅकअप घेताना मायएसक्यूएलडंप या बॅकअपच्या साधनाला ‘हेक्स-ब्लॉब’ हा पर्याय द्यावा, म्हणजे चित्रांचा डेटा अक्षरसंचामुळे बिघडत नाही. मात्र त्यात प्रत्येक बाइटची दोन अक्षरे होत असल्यामुळे 40 एमबीची नोंद 80 एमबीची होते आणि आवृत्ती 8.0 मधील सर्व्हर एका वेळी किती मोठा डेटा स्वीकारतो याची मूळ 64 एमबीची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. म्हणून ‘मॅक्स अलाउड पॅकेट’ नावाची ही मर्यादा मोठ्यात मोठ्या नोंदीच्या तिपटीइतकी ठेवावी, आणि ती तीन ठिकाणी वाढवावी: डंप म्हणजे बॅकअप घेताना, तो परत भरणाऱ्या क्लायंट प्रोग्रामच्या आज्ञेत आणि सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलीत. सर्व्हरची फाइल बदलल्यावर तो पुन्हा सुरू करावा लागतो. माझ्या मते बहुतेकांचे इथेच चुकते, कारण एकच बाजू वाढवली जाते.

ही मर्यादा जास्तीत जास्त 1 जीबी आहे, त्यामुळे सुमारे 500 एमबीपेक्षा मोठ्या नोंदी या पद्धतीने परत भरता येत नाहीत. बॅकअप दुसऱ्या संगणकावर पूर्ण भरून, नोंदींची संख्या जुळल्याची खात्री होईपर्यंत जुना डेटाबेस कदापि पुसू नये.