एडिनबरा रिव्ह्यूचे चामडी खंड घेताना या चुका टाळा

चामड्याची पाठ आणि तिच्यावरची सोनेरी अक्षरं दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो. पहिली चूक तीच. हे चामडं नियतकालिकाचं नसतंच मुळी! १८०२ साली सुरू झालेलं हे इंग्रजी त्रैमासिक निळ्या-पिवळसर कागदी वेष्टनात निघायचं; ब्रिटनमधल्या व्हिग या राजकीय पक्षाचे रंग ते. दोन अंकांचा एक खंड व्हायचा आणि तो ग्राहक आपल्या बांधणीकाराकडून बांधून घ्यायचा. बांधताना वेष्टनं आणि जाहिरातींची पानं बहुधा कचऱ्यात जायची. म्हणून बांधणी देखणी असली तरी आतला मजकूर अस्सल आहे की नाही, हे ती सांगत नाही.

सुरुवातीचे अंक इतके खपले की ते पुन्हा पुन्हा छापावे लागले. तेव्हा पाठीवरचा खंड क्रमांक पाहून भुलू नका. मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान उघडा आणि 'तिसरी आवृत्ती', 'पाचवी आवृत्ती' असं काही छापलंय का ते बघा. मग पानं मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण विक्रेत्याकडून फोटो मागवताना शेवटचं पान आणि सूची मागायला विसरू नका.

'यात मेकॉले आहे', म्हणजे ब्रिटिश निबंधकार मेकॉलेचा लेख आहे, असं सांगून भाव वाढवणारे भेटतात. लेखांखाली नावं छापायची पद्धत नव्हती, त्यामुळे हे दावे पडताळावे लागतात. त्याचा मिल्टनवरचा लेख ऑगस्ट १८२५ चा, क्लाइव्हवरचा जानेवारी १८४० चा, वॉरन हेस्टिंग्जवरचा ऑक्टोबर १८४१ चा. बाकीच्या लेखांसाठी 'वेल्सली इंडेक्स' हाताशी ठेवा; जुन्या इंग्रजी नियतकालिकांतले निनावी लेख कुणाचे, ते सांगणारी ही सूची.

आता माझा गाढवपणा. एका खंडाच्या पाठीवरून बोटांना तांबूस भुकटी लागत होती. चामडं सुकलंय समजून मी तेल चोळलं. पाठ काळवंडली, चिकट झाली आणि धूळ धरू लागली. ही भुकटी म्हणजे चामड्याचा आम्लामुळे झालेला ऱ्हास. कोळशाच्या वायूचे दिवे जळणाऱ्या खोल्यांतल्या हवेनं तो आणखी वाढायचा. गेलेलं चामडं तेलानं परत येत नाही. जाणकार संवर्धक अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं क्लुसेल-जी (सेल्युलोजपासून केलेला चिकट पदार्थ) हलक्या हातानं लावतात, त्यानं भुकटी धरून राहते. ते घरी करू नका.

कपाटातून काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, तिथेच ती फाटते. शेजारचे दोन खंड आत ढकला आणि मधला दोन्ही बाजूंनी धरा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. खंडही दाटीवाटीनं कोंबू नका, हवा खेळायला हवी.